माया असतानाही निघता येतं

मारहाण करणाऱ्या नवऱ्यावरची माया संपली की घर सोडू, अशी वाट पाहू नका. माया आणि भीती एकाच मनात बरीच वर्षं नांदतात. तयारी दोन्ही असतानाच सुरू करायची.

सगळ्यात चिवट अडसर आशेचा. मारहाणीनंतर माफी, मुलांच्या शपथा, मग काही बरे दिवस. त्या दिवसांत मागचं धूसर होतं आणि 'आपलंच चुकलं असेल' वाटू लागतं. म्हणून प्रत्येक प्रसंग लिहा: तारीख, वेळ, कुठे लागलं, कोणी पाहिलं, माफीत काय कबूल केलं, ते किती दिवस टिकलं. वही घरात नको, मैत्रिणीकडे ठेवा; नवरा फोन तपासत असेल तर फोनमध्येही नको. दोन-तीन माफ्यांच्या नोंदी सलग वाचा. संरक्षण अधिकारी (अशा बायकांच्या मदतीसाठी सरकारने नेमलेले) घरगुती घटना अहवाल, म्हणजे हिंसेची अधिकृत नोंद, भरतात तेव्हाही हीच वही कामी येते.

माहेरी 'परत येऊ का?' विचारलं की बहुधा 'जरा सांभाळून घे' ऐकू येतं, आणि बाई गप्प होते. त्यापेक्षा नेमकं मागा: 'ही कागदांची पिशवी ठेव', 'चार दिवस राहू दे'. पिशवीत आधार, रेशनकार्डाची प्रत, लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, थोडी रोकड.

मुलांना बापापासून तोडतोय ही टोचणी खरी आहे. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायला घटस्फोट घ्यावा लागत नाही. घर तुमच्या नावावर नसलं तरी कलम 17 राहण्याचा हक्क देतं. कलम 21 खाली मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो.

'मी चालले' हे त्याला आधी सांगू नका, रागाच्या भरात तर नाहीच. बाई हातची जातेय असं दिसलं की हिंसा वाढते. हाच काळ सर्वांत धोक्याचा. गळा दाबला असेल तर वळ नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि काय झालं ते स्पष्ट सांगा. जीवावर बेतलं तर 112, सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन 181. सखी वन स्टॉप सेंटर या हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात तात्पुरता निवाराही मिळतो.

निघाल्यावर पहिले काही आठवडे ओढ फार लागते. त्याचे फोन एकटीने घेऊ नका. निरोप भाऊ किंवा वकिलामार्फत येऊ द्या. परत गेलात, तरी वही आणि पिशवी मैत्रिणीकडेच राहू द्या.