मांजर घेऊन गावी निघताय? या चुका टाळा

गणपती आले किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईतल्या मांजरवाल्यांना प्रश्न पडतो: हिचं काय करायचं? दोन-तीन दिवसांसाठी जाणार असाल तर माझं मत सरळ आहे, नेऊ नका. शेजारी किल्ली ठेवा. दिवसातून दोनदा खाणं, पाणी आणि लिटर (शी-शूच्या ट्रेमधली वाळू) बघणारं कोणी असेल तर मांजर आपल्याच घरात सुखात राहतं. मुक्काम मोठा असेल, बदली झाली असेल किंवा किल्ली द्यायला कोणी नसेल, तरच न्यायचा विचार करा. कुत्र्याला आपली माणसं सोबत असली की पुरतं. मांजराचा जीव जागेत अडकलेला असतो आणि ती सुटली की ते बिथरतं. म्हणून जागाच सोबत न्यायची. ही जागा म्हणजे कॅरियर, मांजर न्यायची दार असलेली पेटी.

कॅरियर निघायच्या सकाळी माळ्यावरून काढणं

बहुतेक मांजरांना कॅरियर म्हणजे डॉक्टरची सुई एवढंच ठाऊक असतं. तो दिसला की ती पलंगाखाली कोपऱ्यात जाऊन बसतात. मग झाडू, ओरबाडे, उशीर, आणि घरातल्यांची एकमेकांवर चिडचिड. तीन आठवडे आधीच कॅरियर हॉलमध्ये दार उघडं ठेवून मांडून टाका. आत तिच्या अंगाचा वास असलेली जुनी चादर घाला आणि खाऊ आतच द्या. ती आपणहून आत झोपायला लागली की मिनिटभर दार लावा. पुढे गाडीतून सोसायटीभोवती एक फेरी मारून आणा.

वरूनही उघडणारा कडक प्लास्टिकचा कॅरियर सर्वांत सोयीचा. कापडी पिशवीची चेन घाबरलेलं मांजर डोक्याने ढकलून उघडतं. दोन मांजरं असतील तर दोन कॅरियर घ्या. एरवी एकमेकांना चाटणारी मांजरंही भीतीच्या भरात शेजारच्यावरच तुटून पडतात.

आत जायला तयारच नसेल तर कॅरियर उभा करा, दार वरच्या बाजूला येऊ द्या आणि मागचे पाय आधी आत सोडा. डोकं आधी घालायला गेलात तर ती चारही पाय दाराच्या कडांना रोवते आणि मग काही केल्या आत जात नाही.

ओरडतंय म्हणून मांडीवर घेणं

पुण्याहून निघाल्यावर कात्रजपर्यंत आकांत चालतो. घरातलं कोणीतरी विरघळतं आणि दार उघडतं. मांजर मांडीवर थांबत नाही, सीटखाली शिरतं आणि तिथून थेट ड्रायव्हरच्या पायाशी. ब्रेकखाली मांजर आलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. शिवाय ओरडलं की दार उघडतं हा धडा ते एकदाच शिकतं.

कॅरियर पुढच्या सीटच्या मागे, खाली पायाशी घट्ट बसवा. तिथे हेलकावे कमी लागतात. जागा नसेल तर मागच्या सीटवर बेल्टने बांधा. वरून ओढणी टाका, पण हवेची एक बाजू मोकळी राहू द्या. खेड-शिवापूरचा टोलनाका येईपर्यंत बरीच मांजरं गप्प होतात. गप्प म्हणजे निवांत असं मात्र धरू नका. अंग आखडून, कान पाडून, टक लावून बसलेलं मांजर घाबरलेलंच असतं. त्याला हाका मारून, बोटं घालून छेडू नका.

दर तासाला उतरवून पाय मोकळे करायची गरज नाही. मोठं, निरोगी मांजर आठ-दहा तास लघवी न करता काढू शकतं. पाणी द्यायला किंवा लिटरचा ट्रे दाखवायला कॅरियर उघडायचाच असेल तर गाडी थांबवून, सगळ्या काचा वर आणि दारं लॉक करूनच उघडा. हार्नेसच्या, म्हणजे अंगात घालायच्या पट्ट्याच्या, भरवशावर ढाब्यावर उतरवू नका, मांजर उलटं सरकत त्यातून सहज निसटतं. आणि मिसळ खायला सगळे एकदम उतरू नका. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान अर्ध्या तासात 20 अंशांच्या आसपास वाढू शकतं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

भरपेट खाऊ आणि घरातली गोळी

निघण्याआधी चार तास खाणं बंद, पाणी चालू. कोल्हापूरहून आंबोली किंवा गगनबावड्याच्या घाटाने उतरणार असाल तर हे पाळाच, नाहीतर वळणावळणावर उलटी. कॅरियरच्या तळाशी शोषून घेणारा पॅड घाला आणि दोन जादा पॅड हाताशी ठेवा.

घाटात मुलांना देतो ती उलटीची गोळी मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. खूप घाबरणाऱ्या मांजरांना डॉक्टर बरेचदा गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं औषध देतात. वजन बघून डोस ते ठरवतील. पण पहिला डोस प्रवासाच्या दिवशी नको. आधी घरी एकदा देऊन बघा. त्याने काही मांजरं झिंगल्यासारखी चालतात. हे घरी कळलेलं बरं, घाटात कळून उपयोग नाही.

तोंडातून लाळ गळणं हे मळमळीचं किंवा भीतीचं लक्षण, तेवढ्याने घाबरू नका. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर मात्र थांबा. एसी वाढवा, पंजे आणि कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फ लावू नका. काही मिनिटांत धाप थांबली नाही तर जवळचा पशुवैद्य गाठा. वाटेतल्या मोठ्या गावांतल्या डॉक्टरांचे नंबर म्हणूनच आधी लिहून ठेवायचे.

रेल्वे आणि विमान

थ्री टियर किंवा स्लीपरमध्ये पिशवीत लपवून नेणारे पुष्कळ आहेत. सहप्रवाशाने तक्रार केली की दंड आणि मनस्ताप. रीतसर मार्ग म्हणजे फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) किंवा केबिन (चार बर्थची) आपल्या नावावर घेणं आणि पार्सल ऑफिसात जनावराची पावती करणं. मेख अशी की तिकीट कन्फर्म असलं तरी कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं. म्हणून कूपेसाठी आधीच अर्ज द्या आणि मोटारीने जायचा पर्याय हाताशी ठेवा. ब्रेकव्हॅनमधली, म्हणजे गार्डच्या डब्यातली, पेटी कुत्र्यांसाठी असते. तिथल्या खडखडाटात आणि उकाड्यात मी तरी मांजर पाठवणार नाही.

विमानात इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही, एअर इंडिया आणि अकासा घेतात. वजनाची मर्यादा पिशवीसकट मोजतात आणि ती बदलत असते, तेव्हा तिकीट काढण्याआधी फोन करा. युरोपात बदली झाली असेल तर तयारी चार-पाच महिने आधी लागते. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त दिल्यापासून तीन महिने थांबणं. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत, इथेच पुष्कळ जण अडकतात.

पोचल्याबरोबर सोडणं

पाहुणे जमलेले, मुलं ओरडताहेत आणि ओटीवर कॅरियरचं दार उघडलं जातं. मांजरं सगळ्यात जास्त हरवतात ती इथे. कौलारू घरात तर भिंत आणि वाशांमधली फट मांजराला पुरते. माळ्यावर, तिथून कौलांवर, आणि पलीकडे शेजारच्यांचा बोका. ज्याचं दार-खिडकी घट्ट लागते अशी एक खोली आधीच निवडा. स्लॅबची असेल तर उत्तम, नाहीतर बाथरूमही चालेल. घरून आणलेलं थोडं वापरलेलं लिटर ट्रेमध्ये घाला, पाणी ठेवा, कॅरियर उघडा ठेवून बाहेर या. खाईपर्यंत, फिरेपर्यंत ती खोली एवढंच तिचं जग. गणपतीत फटाके लागतील त्या संध्याकाळी ती पुन्हा तिथेच बंद.

पहिला दिवस न खाता गेला तर चालतं. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर, विशेषतः मांजर जाड असेल तर, कारण उपाशी जाड मांजराचं लिव्हर बिघडतं. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग अडला की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

एवढं करूनही निसटलीच तर लांब धावू नका. घाबरलेलं मांजर बहुधा जवळच दडतं: लाकडांच्या ढिगाखाली, गोठ्यात, पडवीच्या फळीमागे. गाव शांत झाल्यावर, मध्यरात्रीनंतर, एकट्याने बॅटरी घेऊन बघा. डोळे चमकले तर अंगावर जाऊ नका, खाली बसून खाऊचा डबा वाजवा. आणि वाडीतल्या मुलांना बक्षीस लावायचंच असेल तर ते "दिसली" असं येऊन सांगण्याचं लावा. पकडण्याचं लावलंत तर दहा पोरं मागे लागतील आणि मांजर पुढच्या वाडीत जाईल.