शेअर्ड होस्टिंगवरून व्हीपीएसकडे वळताय? या चुका टाळा

पुसद, वरुड, वरोरा, दर्यापूर अशा तालुक्याच्या गावात बसून शंभर-दोनशे साइट सांभाळणाऱ्या होस्टिंगवाल्याचे गणित सोपे असते. रिसेलर खाते (मोठ्या कंपनीची जागा घेऊन पुढे विकायचे खाते) घ्यायचे, सीपॅनेल या होस्टिंग सांभाळायच्या सॉफ्टवेअरवर गिऱ्हाइकांची खाती उघडायची आणि वर्षाचे पैसे एकदाच घ्यायचे. मग कॉलेजचे ऑनलाइन प्रवेश सुरू होतात किंवा जिनिंगवाल्याला वजनकाट्याचे सॉफ्टवेअर बाहेरून उघडायचे असते, आणि प्रश्न येतो, "भाऊ, आमच्यासाठी वेगळा सर्व्हर नाही होत का?"

होतो. त्याला व्हीपीएस म्हणतात: एका मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने केलेले भाग, ज्यातला प्रत्येक भाग (व्हीएम) वेगळ्या मशीनसारखा चालतो. पण शेअर्डमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवताना, चालून गेलेल्या बऱ्याच सवयी व्हीपीएसमध्ये अंगलट येतात. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे.

सर्व्हर दुकानातच ठेवणे

भाडे वाचेल म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत मशीन ठेवायचा मोह होतो. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि लाइन दुपारीच गेलेली. इन्व्हर्टर मशीन चालवेल, एसी चालवणार नाही. शिवाय साध्या फायबर जोडणीवर बहुधा सीजीनॅट असते, म्हणजे स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नसतोच, आणि मृगाआधीच्या विजांमध्ये राउटर जळतात ते वेगळेच. मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या डेटा सेंटरमध्ये डेडिकेटेड (पूर्ण तुमच्याच वापराचा) सर्व्हर भाड्याने घ्या. दुकानात फक्त बॅकअपची एक प्रत ठेवा. यावर जास्त विचार करण्यासारखे काही नाही.

रॅम मोजली, डिस्क विसरलो

शेअर्डमध्ये १० जीबी जागा देतो म्हणून सांगितले तरी गिऱ्हाईक ४०० एमबी वापरते, म्हणून ओव्हरसेलिंग, म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त विकणे, पचते. व्हीपीएसमध्ये तेच केले तर काय होते, ते आकड्यांत पाहा.

समजा १६ कोअर, १२८ जीबी रॅम आणि १.९२ टीबीच्या दोन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा), असा सर्व्हर आहे. त्यावर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी प्रणाली) आणि झेडएफएस (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टीम). विकायचा प्लॅन ४ जीबी रॅम, २ व्हीसीपीयू (व्हीएमला दिसणारे सीपीयू), ८० जीबी डिस्क.

होस्टसाठी, म्हणजे खुद्द मूळ सर्व्हरसाठी, झेडएफएसच्या कॅशसह १६ जीबी बाजूला काढा. उरले ११२. चारने भागले की २८, पण प्रत्येक व्हीएम ठरलेल्या रॅमपेक्षा थोडी जास्त खाते, म्हणून २६ धरा. आता डिस्क. दोन असल्या तरी मिररमध्ये जागा एकाचीच. कंपनी हजाराने मोजते, प्रॉक्समॉक्स १०२४ ने, त्यामुळे १.९२ टीबीचे तिथे साधारण १७८८ जीबीच दिसतात. झेडएफएस ८० टक्क्यांच्या वर भरू नये, म्हणून हातात उरले १४३०. त्याला ८० ने भागा: १७.

म्हणजे रॅम २६ गिऱ्हाइकांची आणि डिस्क १७ जणांची. दर ठरवताना २६ धरले असतील, तर तोटा पहिल्याच दिवशी लिहिला गेला. प्लॅन ५० जीबीचा केला तर डिस्क २८ जणांना पुरते आणि दोन्ही बाजू जवळ येतात. मोठी डिस्क हवी असेल त्याला ती वेगळ्या दराने द्या.

थिन प्रोव्हिजनिंगमुळे (जागा आधी न राखता, लिहिले जाईल तशी देणे) २६ जणांना ८० जीबी 'दाखवता' येतात, हे खरे. पण पूल (सगळ्यांच्या डिस्कची एकत्र जागा) भरला की नेमका दोषी व्हीएम बंद पडत नाही. त्या क्षणी ज्या व्हीएमला लिहायचे असेल ते सगळे अडकतात, प्रॉक्समॉक्समध्ये आयओ-एरर दिसतो आणि कुणाच्या तरी डेटाबेसचे टेबल तुटते. पूल ७५ टक्क्यांवर गेला की मोबाइलवर सूचना येईल अशी व्यवस्था आधी करा. गिऱ्हाइकाने आत फायली पुसूनही पूलमधली जागा मोकळी होत नसेल, तर दोन गोष्टी तपासा: डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्डची (मोकळी झालेली जागा परत देण्याची) खूण आहे का, आणि आतल्या लिनक्समध्ये एफएसट्रिमचा (ती जागा ठरावीक वेळी कळवणारा) टायमर चालू आहे का. शिवाय विसरलेले जुने स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपलेली स्थिती) जागा धरून बसतात, तेही पाहा.

रॅमच्या बाबतीत तर ओव्हरसेलिंग करूच नका. होस्टची रॅम संपली की कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा) ओओएम किलर जागा होतो आणि सहसा सर्वांत जास्त रॅम धरून बसलेली प्रोसेस मारतो. होस्टच्या नजरेत प्रत्येक व्हीएम ही एक प्रोसेसच असते. म्हणजे बळी जातो तो सर्वांत मोठा प्लॅन घेतलेला, सर्वांत जास्त पैसे देणारा. त्याच्या व्हीएमच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्लगच काढला गेला. व्हीएम आपोआप बंद झाला अशी तक्रार आली, तर आधी होस्टच्या कर्नल लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. जुन्या प्रॉक्समॉक्सवर झेडएफएसची कॅश मुळातच अर्ध्या रॅमपर्यंत फुगू शकते. तिची कमाल मर्यादा ८ जीबी अशी हाताने बांधा, इनिटरामएफएस (बूटच्या वेळी वापरली जाणारी फाइल) अपडेट करा आणि रीबूट करा.

एका डीपीवर किती मोटारी?

सीपीयू वाटून देता येतो. एका कोअरवर तीन ते चार व्हीसीपीयू चालतात, कारण सगळे एकाच वेळी ताण देत नाहीत. पण गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत एकाच डीपीवर साऱ्या शिवाराच्या मोटारी चालू झाल्या की काय होते, ते सांगायला नको.

"भाऊ, साइट लय हळू चालून राहिली," असा फोन आला की लगेच रीस्टार्ट मारू नका. गिऱ्हाइकाच्या व्हीएममध्ये टॉप ही कमांड चालवा आणि सीपीयूच्या ओळीत दोन आकडे पाहा. 'एसटी' म्हणजे स्टील: व्हीएमला सीपीयू हवा होता, पण होस्टने दिला नाही. तो सतत ५ च्या वर असेल तर लक्ष ठेवा, १० च्या वर टिकला तर दोष तुमचा आहे, त्याच्या वर्डप्रेसचा नाही. 'डब्ल्यूए' जास्त असेल तर सीपीयू डिस्कची वाट पाहतोय. एसटी शून्य आणि डब्ल्यूएही शून्य असेल, तर खुशाल त्याच्या प्लगइनकडे बोट दाखवा.

स्टीलचा उगम होस्टवर शोधा. बहुतेकदा एकच व्हीएम चोवीस तास शंभर टक्क्यांवर असतो: हॅक झालेली साइट, नाहीतर कुणी तरी चालवलेले क्रिप्टो मायनिंग. म्हणून प्रत्येक प्लॅनला सीपीयू लिमिट, आणि डिस्कला वाचन-लेखनाची एमबी व आयओपीएसची (सेकंदाला किती वेळा वाचन-लेखन) मर्यादा पहिल्या दिवसापासून घाला. नंतर घातली की गिऱ्हाईक म्हणते, सर्व्हर मुद्दाम हळू केला.

डिस्क कोणती हेही विचारा. भाड्याच्या स्वस्त सर्व्हरमध्ये घरगुती वापराची एसएसडी असते. तिच्यात वीज गेल्यावर हातातले लिखाण पूर्ण करणारे कपॅसिटर नसतात, त्यामुळे डेटाबेसच्या प्रत्येक सिंक राइटला (पक्के लिहिले गेल्याची खात्री मागणाऱ्या लिखाणाला) ती रखडते. डेटा सेंटर दर्जाची घ्या, आणि सर्व्हर ताब्यात येताच स्मार्टच्या (डिस्कच्या तब्येतीच्या) अहवालात 'पर्सेंटेज युज्ड' पाहा. दोन्ही डिस्क ८०-९० टक्के झिजलेल्या असतील तर तेव्हाच बदलून मागा. मिररमध्ये दोघींवर सारखेच लिहिले जाते, त्यामुळे त्या जवळजवळ एकदमच संपतात.

टेम्प्लेट घाईने बनवणे

एक व्हीएम नीट लावला आणि त्याचेच क्लोन (हुबेहूब प्रती) विकत सुटले. मग सगळ्यांची एसएसएच होस्ट की (दुरून लॉगिन करताना पटणारी सर्व्हरची ओळख) एकच, मशीन-आयडी एकच. डीएचसीपीवर (आपोआप आयपी मिळण्यावर) असाल तर दोन व्हीएम एकच आयपी मागू लागतात आणि दोघांचे नेट आळीपाळीने जाते. हा बिघाड शोधायला दिवस जातो, टाळायला पाच मिनिटे लागतात. टेम्प्लेट (नवे व्हीएम काढायचा साचा) करण्याआधी एसएसएचच्या होस्ट की पुसा, मशीन-आयडीची फाइल रिकामी करा (फाइल पुसू नका, आतला मजकूर पुसा), क्लाउड-इनिट (नव्या व्हीएमची पहिली मांडणी करणारे साधन) क्लीन चालवा, व्हीएम बंद करा आणि मगच टेम्प्लेटमध्ये बदला. रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड प्रत्येकाला वेगळा, क्लाउड-इनिटमधून.

अल्मालिनक्स ९ (लिनक्सची एक आवृत्ती) लावला आणि पहिल्याच बूटला कर्नल पॅनिक आले (सिस्टीम सुरू होतानाच कोलमडली), तर आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) पुन्हा डाउनलोड करत बसू नका. सीपीयूचा प्रकार 'केव्हीएम६४' राहिला असेल. अल्मालिनक्सच्या त्या पिढीला सीपीयूच्या एक्स८६-६४-व्ही२ सूचना लागतात. प्रकार 'होस्ट' किंवा 'एक्स८६-६४-व्ही२-एईएस' करा, लगेच उठतो. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सचा आधार (अपडेट मिळणे) ३० जून २०२४ रोजी संपला आहे. कुणी कितीही आग्रह केला तरी त्यावर नवा व्हीपीएस देऊ नका.

आयपी म्हणजे फुकटची गोष्ट वाटणे

शेअर्डमध्ये दोनशे साइट एका आयपीवर बसतात. इथे प्रत्येकाला वेगळा. स्लॅश २९ चा ब्लॉक घेतला तर त्यात पत्ते आठ, पण नेटवर्क, ब्रॉडकास्ट आणि गेटवे वजा जाता वापरायला पाचच. प्लॅनच्या दरात आयपीचे भाडे धरलेच पाहिजे.

ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा दुवा) लावताना डेटा सेंटरचा नियम आधी वाचा. काही ठिकाणी त्यांनी दिलेला मॅक ॲड्रेसच (नेटवर्क कार्डचा क्रमांक) चालतो. अनोळखी मॅक दिसला की पोर्ट बंद करतात, आणि एका व्हीएमच्या चुकीने सगळी गिऱ्हाइके अंधारात जातात. प्रॉक्समॉक्सच्या फायरवॉलमध्ये आयपी फिल्टर लावा, नाहीतर रूट हातात असलेला कुणीही शेजाऱ्याचा आयपी आपल्या व्हीएमला देऊ शकतो.

पोर्ट २५ (मेल पाठवायची वाट) बाहेरच्या दिशेने सगळ्यांसाठी बंदच ठेवा. ओळख पटल्यावर आणि कारण लेखी घेतल्यावर उघडा. एका स्पॅमरमुळे आजूबाजूचे पत्तेही ब्लॅकलिस्टमध्ये जातात आणि निघायला वेळ लागतो. उघडल्यावर पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी), एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरेच त्या डोमेनचे असल्याचा पुरावा) ही तिन्ही लावून द्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत कडक झाले आहे. मेल जात नाही अशा तक्रारीत आधी पीटीआर तपासा. ती गिऱ्हाइकाच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावाचा आयपी सांगणाऱ्या नोंदींमध्ये) नसते, आयपी देणाऱ्याकडून लावून घ्यावी लागते.

सालदार कोण, हे न ठरवणे

गिऱ्हाइकाला वाटते, वावर घेतले की सालदार सोबतच येतो. अनमॅनेज्ड व्हीपीएस म्हणजे नुसते वावर. अपडेट, फायरवॉल, मेल, हॅक झाल्यावरची साफसफाई, यातले काय तुमच्याकडे आणि काय त्याच्याकडे, हे मराठीत एका पानावर लिहून सही घ्या. गावातल्या गिऱ्हाइकाला अनमॅनेज्ड विकूच नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो रात्री अकराला तुम्हालाच फोन करणार, मग त्याचे पैसे का घेऊ नयेत?

तुमच्या शेअर्ड सर्व्हरचे सीपॅनेल लायसन्स त्याच्या व्हीपीएसला चालत नाही. प्रत्येक सर्व्हरला वेगळे लागते आणि दर खात्यांच्या संख्येवर असतो. एकच साइट असेल तर सोलो (एका खात्याचे लायसन्स) पुरते. विंडोज मागितले तर चाचणी आवृत्ती लावून देऊ नका. १८० दिवसांनी तिची मुदत संपते आणि मग मशीन दर तासाला आपोआप बंद पडते, तेही जिनिंगच्या ऐन हंगामात.

बॅकअप आणि स्थलांतर

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून पुसली जाते. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळ्या मशीनवर, शक्यतो वेगळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवा. सगळ्या व्हीएमचा बॅकअप रात्री दोनलाच लावला तर दोन वाजता सगळ्यांचा डब्ल्यूए चढतो, म्हणून वेळा विभागा. महिन्यातून एक व्हीएम खरोखर रिस्टोर करून बूट करून पाहा.

साइट हलवताना दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंद करा. आधी फायली आरसिंकने (फायलींची नक्कल करणाऱ्या साधनाने) न्या, मग साइट देखभालीवर टाकून डेटाबेसची शेवटची प्रत न्या, मग ए रेकॉर्ड (साइटचा आयपी सांगणारी नोंद) बदला. नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारे सर्व्हर) त्याच दिवशी बदलू नका. जुने खाते किमान आठवडाभर चालू ठेवा आणि जुन्या मेलबॉक्समध्ये उशिरा आलेले मेल उतरवून घ्या.

कागदपत्रे आणि रोकड

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएस देणाऱ्याने गिऱ्हाइकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क, भाड्याचा कालावधी, दिलेले आयपी, नोंदणीवेळचा ईमेल, आयपी आणि वेळ, घेण्याचा हेतू ही माहिती सेवा बंद झाल्यावरही ५ वर्षे ठेवायची असते. लॉग १८० दिवस ठेवायचे, आणि हॅकिंगसारखी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची. 'ओळखीचाच आहे' म्हणून कागद न घेणे इथे महागात पडते.

सर्व्हर परदेशी कंपनीकडून घेतला, तर ती सेवेची आयात ठरते आणि १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा असतो. उलाढाल २० लाखांच्या आत असली तरी त्यासाठी नोंदणी लागते. सीएला हे आधी विचारा, नोटीस आल्यावर नको.

आणि पैशाचे वेळापत्रक. कापूस विकला की गिऱ्हाईक वर्षाचे पैसे एकदम देते, डिसेंबर-जानेवारीत खाते भरलेले दिसते. सर्व्हरचे भाडे मात्र दर महिन्याला कापले जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये गावात कुणाकडे नगदी नसते. आलेल्या रकमेचे बारा भाग करून अकरा वेगळ्या खात्यात टाका. कुणाची मुदत संपली तर व्हीएम आधी थांबवा, लगेच पुसू नका. तीस दिवस डिस्क तशीच ठेवा, आणि या तीस दिवसांची जागा वरच्या १४३० जीबीतूनच जाते, हे धरून चाला.