या चुका टाळा: विद्यापीठ ग्रंथालयाकडे पुस्तकांची मागणी करताना

जुलैचा पहिला आठवडा. ग्रंथखरेदी विभागात माझ्या टेबलावर एक कागद येतो. वर विभागाचं लेटरहेड, खाली विभागप्रमुखांची सही आणि शिक्का, मधे एकच ओळ: ‘मॅनेजमेंट अकाउंटिंग, ५ प्रती, तातडीने.’ लेखकाचं नाव नाही, प्रकाशक नाही, आवृत्ती नाही. याच नावाची डझनावारी पुस्तकं बाजारात आहेत. मी सरांना फोन लावते, सर तासावर असतात. दुपारी ते सांगतात, ‘वर्गात मुलांना विचारून उद्या कळवतो.’ तो ‘उद्या’ गणपतीनंतर उगवतो. तोवर खरेदी मंजूर करणाऱ्या समितीची बैठक होऊन गेलेली असते, आणि पहिल्या सत्राची मुलं झेरॉक्सवर अभ्यास करत असतात.

अठरा वर्षं या टेबलावर काढल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगते. पैसे नाहीत म्हणून अडलेल्या मागण्या मी पाहिल्या आहेत, पण माहिती अपुरी म्हणून किंवा वेळ चुकली म्हणून अडलेल्या त्याहून कितीतरी जास्त. यातल्या बऱ्याचशा चुका पाच मिनिटं जास्त दिली तर होणारच नाहीत.

नुसतं नाव लिहून देणं

मागणीत लेखक, पुस्तकाचं पूर्ण नाव, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, हवा. यातलं एकच काही देता येणार असेल, तर आयएसबीएन द्या. तो मागच्या मुखपृष्ठावर बारकोडशेजारी किंवा शीर्षकपानाच्या पाठीमागे छापलेला असतो. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा आकडी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा आकडी दिसेल. भारतात निघालेल्या पुस्तकांचा क्रमांक बहुधा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो. त्यामुळे मधला एखादा आकडा चुकला तर क्रमांक जुळतच नाही, आणि चूक आमच्या लगेच लक्षात येते. नावात चूक झाली तर मात्र भलतंच पुस्तक दारात येतं.

इथे एक गफलत नेहमी होते. एकाच पुस्तकाच्या हार्डबाउंड, पेपरबॅक आणि ई-बुक या तिन्ही रूपांचे आयएसबीएन वेगळे असतात. नव्या आवृत्तीचा वेगळा, नुसत्या पुनर्मुद्रणाचा मात्र तोच राहतो. मराठी पुस्तकांत हा घोळ जास्त, कारण आपल्याकडे बरेचदा पुनर्मुद्रणावरही ‘पाचवी आवृत्ती’ असं छापलेलं असतं. तुम्हाला लेखकाने सुधारलेला मजकूरच हवा असेल तर ‘सुधारित आवृत्ती, अमुक वर्ष’ असं स्पष्ट लिहा. तसं नसेल तर ‘कोणतीही आवृत्ती चालेल’ असं लिहा. या एका वाक्याने आमचे आठ दिवस वाचतात.

भारतीय आवृत्तीचं तर आवर्जून पाहा. पदार्थविज्ञानाच्या एका मॅडमनी परदेशी संकेतस्थळावरून क्रमांक उतरवून पाठवला होता. तो निघाला परदेशी हार्डबाउंड प्रतीचा, किंमत नऊ हजारांच्या वर. तेच पुस्तक भारतीय पेपरबॅकमध्ये हजाराच्या आत मिळत होतं, आणि मागच्या मुखपृष्ठावर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशी ओळ होती. मी फोन करून विचारलं म्हणून एका प्रतीच्या पैशांत आठ प्रती आल्या. मात्र स्वस्त ती तशीच्या तशी, असं धरून चालू नका. काही भारतीय आवृत्त्यांत प्रकरणं कमी असतात, नाहीतर उदाहरणांचे क्रमांक बदललेले असतात. तुम्ही वर्गात ‘सातव्या प्रकरणातलं बारावं उदाहरण’ असं सांगणार असाल, तर आधी अनुक्रमणिका ताडून पाहा आणि मग मागणी करा.

मार्चची वाट पाहणं

माझा सगळ्यात जास्त जीव इथे तुटतो. आपलं शिकवण्याचं वर्ष जून-जुलैत सुरू होतं, पण पैशाचं वर्ष एप्रिल ते मार्च. विभागांना वाटतं वर्ष मोठं आहे, बघू. डिसेंबरपर्यंत मागण्या तुरळक येतात. मग फेब्रुवारीत लेखा विभागाचं पत्र निघतं, की शिल्लक रक्कम ३१ मार्चच्या आत खर्च करा, नाहीतर परत जाईल. आणि एकाच आठवड्यात साडेतीनशे नावांच्या याद्या येऊन पडतात.

अशा वेळी काय होतं ते सांगते. परदेशातून मागवायच्या पुस्तकाला बरेचदा सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे ते यादीतून आपोआप गळतं. छोट्या प्रकाशकाकडचं पुस्तक पुण्याहून किंवा कोल्हापुरातून यायचं असतं, आणि तो दोनच प्रतींसाठी धावपळ करत नाही. उरतं ते पुरवठादाराच्या गोदामात आधीपासून पडलेलं. पैसे वेळेत खर्च होतात, उपयोगिता प्रमाणपत्रही जातं, पण कपाटात येतात ती त्या वर्षी कुणी न मागितलेली पुस्तकं. चार वर्षांनी पुस्तकपडताळणी करताना ती हातात येतात, आणि आतल्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नसतो.

योग्य वेळ म्हणजे अभ्यास मंडळाने अभ्यासक्रम मंजूर केल्यावर लगेचची. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम बदलत आहेत. प्रत्येक पेपरखाली संदर्भग्रंथांची यादी असते, ती तशीच्या तशी आमच्याकडे पाठवू नका. त्यात वीस वर्षांपूर्वी छपाई बंद झालेली पुस्तकंही असतात. तिच्यातली तुम्ही स्वतः शिकवताना उघडाल ती सहा-सात नावं निवडून क्रम लावून द्या: आधी हे, मग हे, पैसे उरले तर ते. असा क्रम लावलेली यादी आली की समितीत मंजुरी मिळवणं मला खूप सोपं जातं.

ओपॅक न पाहता मागणी करणं

पुस्तक आपल्याकडे आहे की नाही हे आम्ही तपासतोच. पण तुम्हीही एकदा ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, बघा. मराठी पुस्तक शोधताना मात्र जपून. अनेक ग्रंथालयांत जुन्या नोंदी रोमन लिपीत आहेत आणि नव्या देवनागरीत, म्हणून दोन्ही लिपींत शोधावं लागतं. जोडशब्द एकदा सलग आणि एकदा तोडून टाकून पाहा. लेखकाचं आडनाव आधी येतं. नावाने मिळालं नाही म्हणून पुस्तकच नाही, असं समजू नका.

पुस्तक असेल आणि मुलांना मिळत नसेल, तर ती वेगळी मागणी आहे: वाढीव प्रती. तशी ती लिहा. त्यासाठी पुन्हा नवीन पुस्तक म्हणून फॉर्म भरलात, तर ‘आधीच आहे’ असा शेरा मारून तो परत येतो.

‘संदर्भासाठी’ एवढंच कारण देणं

फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. दहातल्या नऊ फॉर्मवर तिथे ‘संदर्भासाठी आवश्यक’ लिहिलेलं असतं. समितीत वेगवेगळ्या विद्याशाखांचे लोक बसतात. तुमच्या विषयातलं त्यांना कळत नाही, कळावं अशी अपेक्षाही नाही. त्यांना आकडे समजतात. ‘एम.ए. भाग १, दुसरं सत्र, ३८ विद्यार्थी, घटक २ आणि ३ साठी याशिवाय मराठीतून दुसरं साहित्य नाही’ असं लिहिलेली मागणी मी बैठकीत वाचून दाखवली, आणि कुणी एक प्रश्न विचारला नाही. दहा प्रती मंजूर झाल्या.

प्रतींची संख्याही विचार करून द्या. अडतीस मुलांना एक प्रत म्हणजे एकालाही नाही म्हटल्यासारखंच. पण पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलणार असेल तर चाळीस प्रती हा पैशांचा चुराडा. स्वतःचं पुस्तक सुचवायचं असेल तर ती मागणी सहकाऱ्याकडून येऊ द्या, म्हणजे समितीत कुणी बोट ठेवणार नाही.

आधी विकत घेऊन मग बिल आणणं

हे चांगल्या मनाने केलं जातं, म्हणूनच नाही म्हणताना मला वाईट वाटतं. एक सर परिषदेला गेले होते. तिथल्या स्टॉलवर त्यांच्या विषयातलं दुर्मिळ पुस्तक मिळालं, त्यांनी खिशातून पैसे दिले. परत आल्यावर पुस्तक आणि बिल माझ्यासमोर ठेवलं. बिल त्यांच्या नावावर, सवलत नाही, आणि पहिल्या दोन प्रकरणांत पेन्सिलीच्या खुणाही झालेल्या. पूर्वमंजुरी नसलेली खरेदी ऑडिटमध्ये आक्षेपाला येते. बिल विद्यापीठाच्या किंवा कुलसचिवांच्या नावावर, जसा तुमच्याकडे नियम असेल तसं, आणि खरेदी आदेशानंतरच्या तारखेचं लागतं. ते पैसे त्यांना मिळू शकले नाहीत.

असं पुस्तक दिसलं तर स्टॉलवरच त्याच्या शीर्षकपानाचा, मागच्या पानाचा आणि विक्रेत्याच्या कार्डाचा फोटो काढा आणि ग्रंथालयाला पाठवा. शेवटचीच प्रत असेल तर विक्रेत्याला आठ दिवस बाजूला ठेवायला सांगा. बहुतेक विक्रेते ठेवतात. बाकीचं आम्ही बघतो.

नियतकालिकं आणि ई-बुकं पुस्तकांसारखी मागणं

छापील नियतकालिकांची वर्गणी बहुधा जानेवारी ते डिसेंबर असते आणि नूतनीकरणाचं सप्टेंबर-ऑक्टोबरात ठरतं. फेब्रुवारीत आलेली मागणी साहजिकच पुढच्या वर्षावर जाते. शिवाय पुस्तक एकदा घेतलं की संपलं, नियतकालिकाचे पैसे दरवर्षी लागतात. एकच लेख हवा असेल तर वर्गणी मागू नका, लेखाचा तपशील द्या. डेलनेटसारख्या ग्रंथालयांच्या जाळ्यातून किंवा दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून तो मागवता येतो. प्रबंध हवा असेल तर आधी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाहा.

केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. आपली संस्था त्यात आहे का, हे ग्रंथालयात विचारून घ्या आणि मगच मागणी लिहा. कारण म्हणून ‘यूजीसी-केअर यादीत आहे’ असंही आता लिहू नका. दर्जेदार नियतकालिकांची ती यादी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

ई-बुक मागताना एका वेळी किती जण वाचू शकतील हे विचारा. एका वाचकाचा परवाना स्वस्त असतो, पण परीक्षेच्या आदल्या रात्री पन्नास मुलं एकाच पुस्तकावर येतात आणि एकोणपन्नास जणांना ‘वापरात आहे’ एवढंच दिसतं. कायमची खरेदी आहे की एका वर्षाची, हेही पाहा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-बुकवर आहे. छापील रूपही असेल तर ५ टक्के, नसेल तर १८ टक्के. समितीला दिलेल्या किमतीत हा कर धरला नसेल, तर मंजूर रक्कम कमी पडते आणि कागद पुन्हा पहिल्यापासून फिरतो.

मागणी दिली, तीन महिने झाले, पुस्तक नाही

रागावण्याआधी एवढं विचारा: मागणी नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे? कोहा ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या ग्रंथालयात तुम्ही स्वतःच्या खात्यात शिरून खरेदीची सूचना दिली असेल, तर ती स्वीकारली, नाकारली, आदेश गेला की पुस्तक आलं, हे तिथेच दिसतं. कागदी फॉर्म दिला असेल तर आवक क्रमांक मागून घ्या. विभागप्रमुखांच्या टेबलावरच राहिलेले फॉर्म मी कितीदा तरी पाहिले आहेत.

आदेश गेला आणि पुस्तक आलं नाही, तर बहुधा प्रत शिल्लक नसते किंवा किंमत वाढलेली असते. पुरवठादार बिलात ते नाव गाळतो आणि आम्हाला वेगळं कळवत नाही. म्हणून यादीतली न आलेली पुस्तकं कोणती, हे दर दोन महिन्यांनी विचारा आणि त्या जागी काय घ्यायचं ते लगेच सांगा. शासकीय प्रकाशनांची गोष्ट वेगळी. ती मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारासारख्या ठिकाणाहून घ्यावी लागतात, नेहमीचा विक्रेता ती सहसा आणत नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं तर मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात.

आणि कधीकधी पुस्तक आलेलंच असतं. बिल तपासून झालं, दाखल नोंदवहीत क्रमांक पडला, शीर्षकपानावर आणि गुप्त पानावर (ग्रंथालयाने ठरवलेल्या आतल्या पानावर) शिक्के झाले, आता वर्गीकरण आणि बारकोड बाकी आहे. ओपॅकवर ‘प्रक्रियेत’ असं दिसतं ते हेच. अशा पुस्तकासाठी खाली काउंटरवर वाद घालू नका, वर या. उद्याच्या तासाला हवं आहे म्हणालात, तर मी ते ढिगातून काढून तुमच्यासमोर लेबल लावून देते.