जुन्या कॅमेऱ्यासाठी फिशआय घ्यायला निघण्याआधी

फिशआय म्हणजे समोरचं जवळजवळ १८० अंशांचं दृश्य एका चौकटीत घेणारी आणि कडेच्या रेषा वाकवणारी लेन्स. ती घ्यायला जाण्याआधी कॅमेऱ्याचं नेमकं मॉडेल एका कागदावर लिहा. त्याखाली तीन ओळी: सेन्सर (चित्र टिपणारा तुकडा) केवढा आहे, बॉडीत ऑटोफोकसची मोटर आहे का, आणि चिप (कॅमेऱ्याला लेन्सची माहिती देणारी) नसलेली लेन्स लावल्यावर लाइट मीटर (उजेड मोजणारी सोय) चालतो का. स्वस्तातली फिशआय घरी आणून लोक हिरमुसतात ते बहुधा तिसऱ्या ओळीमुळे. लेन्स धड असते, कॅमेराही धड असतो, फक्त जोडी जमत नाही.

सेन्सरचं पहिलं पाहू. जुने हौशी डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) बहुतेक एपीएस-सी सेन्सरचे, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचे. निकॉन, पेंटॅक्स आणि सोनीचा क्रॉप (सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा किती पट लहान, तो आकडा) १.५, कॅननचा १.६. फिल्मच्या काळासाठी बनलेली १६ मिमीची फिशआय, उदाहरणार्थ रशियन झेनिटार १६ मिमी एफ/२.८ (एफचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चरचं, उजेड आत घेणाऱ्या भोकाचं माप), यांच्यावर लावली तर कडेचा सगळा गोलावा कापला जातो आणि हाती उरते जराशी वाकलेली वाइड अँगल. एपीएस-सीला ८ ते १०.५ मिमी हवी. सामयांग ८ मिमी एफ/३.५ निकॉनवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८० अंश दाखवते, कॅननवर १६७. हीच लेन्स रोकिनॉन, बोवर, वॉलिमेक्स अशा नावांनीही विकली गेली आहे आणि विविटारच्या नावाखाली तर तिच्यावर ७ मिमी छापलेलं असतं. छाप वेगळा आहे म्हणून चार पैसे जास्त मोजू नका. बेलारूसची पेलेंग ८ मिमी फिल्मवर किंवा फुल फ्रेमवर (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) पूर्ण गोल चित्र देते. एपीएस-सीवर तो गोल वरून-खालून कापला जातो आणि चारही कोपरे काळे राहतात. हे ज्यांना मुद्दाम हवं असतं त्यांनीच ती घ्यावी.

माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते त्या जागेच्या बाबतीत जुन्या कॅननवाल्यांचं नशीब चांगलं. कॅनन ईएफमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिमी, निकॉनमध्ये ४६.५ आणि एम४२ स्क्रू माउंटमध्ये ४५.४६. म्हणजे निकॉन किंवा एम४२ची मॅन्युअल लेन्स पातळ अ‍ॅडॉप्टरने कॅननवर बसते आणि लांबवरचं फोकसही होतं. उलट एम४२ची लेन्स निकॉनवर साध्या अ‍ॅडॉप्टरने लावली तर अनंतापर्यंत फोकस जातच नाही, कारण लेन्स सेन्सरपासून गरजेपेक्षा लांब पडते. काच असलेला अ‍ॅडॉप्टर मिळतो, पण स्वस्त काचेने चित्र मऊ पडतं. आणखी एक सापळा: हल्ली ७.५ मिमीच्या लहानशा मॅन्युअल फिशआय स्वस्तात दिसतात. त्यातल्या बहुतेक मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या असतात. डीएसएलआरवर त्या कोणत्याही अ‍ॅडॉप्टरने नीट चालणार नाहीत. सोनी नेक्ससारखा जुना मिररलेस असेल तर मात्र त्याच घ्या, आणि मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ ही सोय चालू करून ठेवा, नाहीतर कॅमेरा फोटोच काढणार नाही.

मोटरची फार चिंता नको. निकॉन डी४०, डी६०, डी३०००, डी३१००, डी५००० यांच्या बॉडीत मोटर नाही, त्यामुळे निकॉनची १०.५ मिमी किंवा टोकिना १०-१७ मिमी झूम त्यांच्यावर हातानेच फोकस करावी लागते. पण फिशआयला ऑटोफोकसची गरज तरी किती? ८ मिमीवर एफ/८ ठेवून फोकस साधारण ४० सेंटीमीटरवर लावला, की जेमतेम वीतभर अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणूनच जुन्या कॅमेऱ्यासाठी महागड्या मोटरवाल्या लेन्सपेक्षा साधी मॅन्युअल ८ मिमी हा शहाणपणाचा सौदा आहे. वाचलेले पैसे चिपवाल्या आवृत्तीवर घाला.

आता तिसरी ओळ. डी४०, डी३१००, डी९० यांसारख्या बॉडीवर चिप नसलेली लेन्स लावली की मीटर बंद. फक्त एम मोड, म्हणजे सगळं हाताने ठरवायचं. डी२००, डी३००, डी७००० मात्र मेनूत फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीचा आकडा) आणि सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर भरलं की मीटर दाखवतात. सामयांगच्या निकॉन आवृत्तीत ‘एई’ लिहिलेलं असेल तर आत चिप आहे. तिची अ‍ॅपर्चर रिंग २२ वर ठेवायची आणि अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावरून बदलायचं. रिंग २२ वरून सरकली की पडद्यावर ‘एफईई’ येतं, ते बिघाडाचं लक्षण नव्हे. चिप नसलेलीच मिळाली तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, एफ/८ वर कडक उन्हात शटर १/८०० सेकंद, आभाळ भरलेलं असेल तर १/२०० पासून सुरुवात करा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघून पुढेमागे करा. कॅननवर बिनचिपच्या लेन्सलाही एव्ही मोड (शटरचा वेग कॅमेराच ठरवतो तो) चालतो, फक्त रिंग फिरवली की व्ह्यूफाइंडर काळोखा होतो. म्हणून आधी एफ/३.५ वर चौकट ठरवायची, मग रिंग ८ वर.

किट लेन्सच्या (कॅमेऱ्याबरोबरच मिळालेल्या लेन्सच्या) तोंडावर स्क्रूने बसणारे ‘०.२५ एक्स फिशआय’ कन्व्हर्टर सगळ्यात स्वस्त. कॅननच्या १८-५५ला ५८ मिमीचा आटा लागतो, निकॉनच्या १८-५५ला ५२ मिमीचा. गंमत म्हणून ठीक, पण कडांना जांभळी-हिरवी किनार येते, चित्र धुरकट होतं, आणि जुन्या किट लेन्सचं पुढचं तोंड फोकसबरोबर फिरतं, त्यामुळे वजनाचा ताण थेट तिच्या लहानशा मोटरवर पडतो. लावलाच तर फोकस मॅन्युअलवर टाका.

निघताना स्वतःची बॉडी, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि स्वतःचं कार्ड बरोबर हवं. कॅनन ३५०डीला सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्ड लागतं आणि ते कुणाकडे उसनं मिळेल या भरवशावर जाऊ नका. मोबाइलचा टॉर्चही लागेल. मुंबईच्या फोर्टात सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे एकाच फेरीत दोन-तीन लेन्स हाताळून बघता येतात.

दुकानात पहिली तपासणी बुरशीची. मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती लागतेच, आणि सामयांगमध्ये तर एकामागे एक दहा काचा आहेत. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, टॉर्च मागच्या काचेतून तिरका मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ठेवून द्या. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर साफ करूनही डाग राहतो. धुळीचे दोन-चार कण चालतील. पुढच्या फुगीर काचेवरचा ओरखडा मात्र चालणार नाही, कारण फिशआयच्या चौकटीत सूर्य किंवा दिवा कुठून तरी येतोच आणि ओरखडा तिथे चमकतो. या काचेवर फिल्टर लावता येत नाही, म्हणून मूळ झाकण आहे आणि घट्ट बसतंय ना, हे बघा. अ‍ॅपर्चरची पाती तेलकट नकोत.

मग दुकानदाराला विचारून बाहेर या. बंद दुकानाचं रोलिंग शटर समोरून टिपा आणि चारही कोपरे पूर्ण मोठे करून ताडून पाहा. एकच कोपरा अस्पष्ट असेल तर आतली काच कललेली आहे. नंतर सीएसएमटीचा घुमट एफ/८ वर, रिंग अनंताच्या खुणेवर ठेवून, आणि पुन्हा रिंग किंचित मागे घेऊन. सामयांगच्या काही नगांमध्ये अंतराच्या खुणा चुकलेल्या असतात. खरा अनंत कुठे लागतो ते सापडलं, की तिथे पांढऱ्या इन्सुलेशन टेपची बारीक पट्टी चिकटवा. आकाशात काळे ठिपके दिसले आणि ते प्रत्येक फोटोत त्याच जागी असले, तर दोष सेन्सरवरच्या धुळीचा. डी४० आणि ३५०डीमध्ये सेन्सर आपोआप झटकण्याची सोय नाही, तेव्हा लेन्सला बोल लावू नका.

दहीहंडीच्या थरांखाली उभं राहून वर टिपायचं असेल तर या लेन्सला पाण्यापासून संरक्षण नाही हे ध्यानात ठेवा. मऊ सुती रुमाल खिशात हवा, आणि स्वतःची बोटं व चपला चौकटीबाहेर. मरीन ड्राइव्हवर समुद्राची रेघ बरोबर मधोमध धरली तरच ती सरळ येते. नंतर ह्यूगिनसारख्या मोफत सॉफ्टवेअरने चित्र सरळ करता येतं, पण डी४०च्या ६ मेगापिक्सेलमध्ये ताणलेल्या कडा विरतात.

घरी आल्यावर लेन्स तिच्या कातडी पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या, आणि निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत घाला. जून ते सप्टेंबर हे काम वारंवार करावं लागेल.