कमिटच्या इतिहासाला चाळणी लावताना

आमच्या टीमच्या रेपोत (कोड आणि त्याचा इतिहास जिथे राहतो तिथे) जुन्या कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, शोधायला मी गिटवर (हा इतिहास सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर) बेतलेलं एक छोटं कमांड-लाइन टूल लिहिलं. कोड दोन दिवसांत झाला, पर्याय, म्हणजे कमांडसोबत द्यायचे फ्लॅग, ठरवण्यात दोन आठवडे गेले. तुम्ही असं काही करायला घेतलंत, तर फ्लॅगची नावं सुचण्याआधी लोक तोंडाने काय विचारतात ते वहीत उतरवा. माझ्या वहीतलं पहिलं वाक्य होतं, "मार्चमध्ये बिलिंगच्या फोल्डरला स्नेहाने किंवा इम्रानने हात लावलाय का?" यात तीन चाळण्या आहेत आणि त्यांची जोडणीही आहे: माणसं 'किंवा'ने जोडलेली, बाकी सगळं 'आणि'ने.

तोच नियम ठेवा. एकच पर्याय दोनदा आला तर 'किंवा', वेगळे पर्याय एकत्र आले तर 'आणि'. गिट लॉग (कमिटची यादी दाखवणारी कमांड) मधले --ऑथर (बदल करणारा) आणि --ग्रेप (कमिटच्या संदेशातला शब्द) असेच वागतात. दोन्ही --ग्रेप जुळायलाच हवे असतील तर --ऑल-मॅच जोडावं लागतं. मदतीच्या पानावर हे अगदी वर, उदाहरणासकट लिहा.

सगळ्यात जास्त वेळ तारखेला द्या. गिटच्या कमिटला दोन तारखा असतात: बदल मुळात केला ती आणि कमिट आत्ताच्या रूपात तयार झाली ती. लॉग एरवी पहिली दाखवतो, पण --सिन्स (पासून) आणि --अंटिल (पर्यंत) दुसरी बघतात. आमच्याकडे 28 मार्चला केलेला एक बदल 3 एप्रिलला रिबेस झाला, म्हणजे दुसऱ्या कमिटच्या पुढे नव्याने मांडला गेला. मार्चच्या यादीत तो आलाच नाही आणि ती अपुरी यादी तशीच ग्राहकाकडे गेली. फार वाईट वाटलं. तेव्हापासून आमचं टूल ज्या तारखेवर गाळतं, तीच ओळीत छापतं.

आणखी एक खोच आहे. वेळ न देता नुसती तारीख दिली की गिट त्या दिवसाची आत्ताची वेळ धरतं. दुपारी चारला 1 मार्चपासूनच्या कमिट मागितल्या, तर 1 मार्चची सकाळ गळते. आम्ही 'पासून'ला मध्यरात्र धरतो आणि 'पर्यंत'ला दिवसअखेर.

वगळायचं असेल तर ते नावातच दिसू द्या, --नो-मर्जेससारखं (हा फांद्या जोडणाऱ्या मर्ज कमिट वगळतो). फाइलीत कोणत्या प्रकारचा बदल झाला त्यावरून गाळणाऱ्या --डिफ-फिल्टरला मोठा डी दिला तर फाइली डिलीट करणाऱ्या कमिट मिळतात, लहान डी दिला तर डिलीट झालेल्या फाइली वगळल्या जातात. नवा माणूस इथे हमखास फसतो.

मर्यादा कधी लागते तेही सांगून टाका. गिटमध्ये --रिव्हर्ससोबत पाच कमिट मागितल्या, तर सगळ्यात जुन्या पाच येत नाहीत; ताज्या पाचच उलट्या क्रमाने येतात.

काहीच जुळलं नाही तर टूलने गप्प बसू नये. 'या नावाचं कोणी रेपोत नाही' आणि 'स्नेहाची मार्चमध्ये कमिट नाही' हे दोन वेगळे संदेश हवेत. ते एरर आउटपुटवर (चुकांच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या वाटेवर) छापा, नाहीतर पाइप लावून, म्हणजे टूलचं आउटपुट दुसऱ्या कमांडला देऊन, ओळी मोजणाऱ्याच्या हिशेबात संदेशाची ओळही नसलेली एक कमिट म्हणून धरली जाईल.