सेमिब्लफला उत्तर देताना

तीनपत्तीत पाने एकदाच वाटली जातात, त्यामुळे तिथली थाप ही निव्वळ थाप असते. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात मात्र आत्ता मागे असलेला हात पुढच्या पानावर जिंकू शकतो आणि सेमिब्लफची, म्हणजे अशा सुधारू शकणाऱ्या हातावर मारलेल्या थापेची, सगळी ताकद त्यातच आहे: तुम्ही फोल्ड केले (पाने टाकली) तर पॉट (मधली जमा रक्कम) लगेच प्रतिस्पर्ध्याचा होतो, कॉल केले (तेवढीच रक्कम भरली) तरी त्याला हवे ते पान येण्याची आशा उरतेच.

समजा, तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि किलवरचा गुलाम आहे, फ्लॉपवर (टेबलावर सर्वांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत) बदामचा गुलाम, बदामची दश्शी आणि चौकटची तिर्री पडली आहे, पॉट 1000 चा आहे आणि प्रतिस्पर्ध्याने 600 लावले आहेत. तो केवळ बदामच्या फ्लशच्या (एकाच चिन्हाच्या पाच पानांच्या) आशेवर असेल, तर त्याच्या उपयोगाची पाने 9 असतात आणि उरलेल्या दोन पानांत फ्लश जमण्याची शक्यता सुमारे 35 टक्के असते. परंतु त्याच्या हातात बदामची नव्वी आणि अठ्ठी असेल, तर कोणतीही राणी किंवा सत्ती स्ट्रेट (ओळीने पाच पाने) पूर्ण करते. उपयोगाची पाने 15 होतात आणि गुलामाची वरची जोडी असूनही किंचित मागे तुम्हीच असता.

अशा वेळी नुसता कॉल करणे सर्वांत सोपे वाटते, पण माझ्या मते ते बहुधा सर्वांत महाग पडते, कारण पुढचे पान त्याने ठरवलेल्या किमतीत त्याला मिळते. तुम्ही 1800 पर्यंत रेझ केल्यास (रक्कम वाढवल्यास) त्याला 4600 च्या पॉटसाठी आणखी 1200 भरावे लागतात, म्हणजे जिंकण्याची 26 टक्के शक्यता हवी. पुढच्या एका पानावर फ्लश येण्याची शक्यता मात्र सुमारे 19 टक्केच असते. टर्नवर (चौथे पान उघडल्यावर) एकच पान उरल्याने हे उत्तर अधिक धारदार होते. त्यावरही त्याने सर्व चिप्स पुढे सारल्या, तर हिशेब नव्याने मांडावा.

तुमच्या एका दश्शीची टेबलावरच्या दश्शीशी नुसती जोडी जमली असेल, तर लवकर फोल्ड करणे बरे. रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पानावर) बदाम पडल्यावर त्याची बेट (लावलेली रक्कम) खरी की खोटी, हे ओळखण्याचे साधनच तुमच्याकडे उरत नाही. तरीही प्रत्येक वेळी माघार घेऊ नये. 1000 च्या पॉटवर 600 लावणाऱ्याचा निव्वळ ब्लफसुद्धा तुम्ही 37.5 टक्क्यांहून अधिक वेळा फोल्ड केल्यास फायद्यात जातो, सेमिब्लफला तर त्याहून कमी पुरते.

एक गोष्ट सहज निसटते: तुमच्याकडेच बदामचे एक पान असेल, तर त्याच्या हातात दोन बदाम असण्याचे प्रकार 55 वरून 45 वर येतात, त्यामुळे बेटमागे तयार हात असण्याचा संशय थोडा वाढवावा. रिव्हरवर फ्लश आणि स्ट्रेट दोन्ही हुकले, की त्याच खेळाडूची बेट निव्वळ ब्लफ असू शकते. तिथे मात्र रेझ न करता कॉलच करावा, कारण रेझवर तुमच्यापेक्षा कमकुवत हात सहसा पैसे भरत नाही.