मुलीच्या एअर रायफलची हवा, स्वस्तात

लेक दहा मीटर एअर रायफल खेळते. रायफलीचं छोटं सिलिंडर २०० बारपर्यंत (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) भरावं लागतं. रेंजवरचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि आमची पंचाईत झाली. सायकलच्या दुकानातला कॉम्प्रेसर दहा बारच्या आसपास, म्हणजे काहीच उपयोग नाही.

आधी हातपंप घेतला. १५० बारपर्यंत ठीक, पुढे दांड्यावर अक्षरशः लटकावं लागतं. शिवाय पंप तापतो आणि पावसाळ्यात हवेतलं पाणी आत जातं. दोन महिन्यांत खांदा धरला.

मग सुचलं, समुद्रात टाकी पाठीवर घेऊन डुबकी मारणारे स्कूबावाले हीच तर हवा भरतात! मालवणला मामांकडे जाणं होतंच. चार पालकांनी मिळून १२ लिटरची जुनी टाकी घेतली, हायड्रो टेस्ट (पाण्याचा दाब देऊन टाकीची तपासणी) करून. हिशेब सोपा आहे: रायफलीचं सिलिंडर २०० मिलिलिटरचं. १२० वरून २०० बारला न्यायला बाहेरची साधी हवा मोजली तर साधारण १६ लिटर लागते, टाकीचा काटा जेमतेम १.३ बार उतरतो. टाकीचा दाब उतरला की सिलिंडरही तेवढ्याच दाबापर्यंत भरतं. पण १७० बारवर सराव आरामात होतो.

व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा, नाहीतर सिलिंडर तापतं आणि गार झाल्यावर काटा खाली येतो. एका ओळखीच्या वेल्डरने ऑक्सिजन भरून द्यायची तयारी दाखवली होती. त्याला हात जोडले. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

हातपंप आता माळ्यावर आहे.